काकाच्या कमरेचा कसा

आमच्या मुरबाडच्या बाजूला ज्याचं कधी काही हरवत नाही तो माणूस शहाणा. जपलेली वस्तू त्याने कधी वापरली का, तिचा कुणाला उपयोग झाला का, हे कुणी विचारत नाही. या हिशेबाने माझा काका पंचक्रोशीतला सगळ्यात शहाणा माणूस होता आणि मरेपर्यंत तो मान त्याच्याकडेच राहिला. पैसा सांभाळावा तर त्याने. तसा सांभाळणारा मी दुसरा पाहिला नाही, आणि देवाने दाखवूही नये.

काका उंबरमाळीकडच्या रुळांवर गँगचा मुकादम होता. मी कसाऱ्याला रेल्वेत फिटर. घर मुरबाडपासून आत डोंगराच्या अंगाला, चार खाचरं भाताची आणि वर थोडी नाचणी. लढाई चालू होती. बसऱ्याकडच्या रेल्वेवर माणसं पाहिजेत म्हणून भरती निघाली आणि पगार इथल्यापेक्षा दुपटीच्या वर आहे असं कळलं. काकाने नाव दिलं, कारण शेजारच्या गँगच्या मुकादमाने दिलं होतं. मी दिलं ते एका इंजिनासाठी.

ते इंजिन शहापूरला एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या पडवीत गोणपाटाखाली पडून होतं. तेलावर चालणारं, जुनं, वरून गंजलेलं. पण मी ते उघडून पाहिलं होतं आणि आतून ते माझ्या काकापेक्षा कितीतरी शहाणं होतं. एकदा त्याचा बिघाड मीच काढून दिला होता, तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या भागात भात सडायची गिरणी नव्हती. कुणी बैलगाडीने कल्याणपर्यंत न्यायचे, बाकीच्या घरांत बाया उखळात कांडायच्या. माझ्या आईच्या तळहातांना घट्टे पडून ते इतके कडक झाले होते की ती चुलीतला निखारा बोटांनी उचलायची आणि लोक कौतुक करायचे. मला त्या कौतुकाची शिसारी यायची. मुरबाडला गिरणी घालायची, आईचं मुसळ बंद करायचं आणि कुणाच्या हाताखाली राहायचं नाही, एवढंच मला हवं होतं. व्यापारी म्हणाला, ‘‘दोन दिवाळ्या थांबतो. दुसरी भाऊबीज झाली की जो देईल त्याला देईन.’’ एवढ्या भरवशावर मी निघालो.

निघायच्या आदल्या दिवशी काका भगताकडे गेला, बाबा आणि मीही बरोबर होतो. भगत म्हणजे आमच्याकडे देवाचा वकील आणि माणसांचा डॉक्टर एकाच अंगरख्यात, आणि फी दोन्हीची घेतो. गुरं रानात चरायला निघाली की तो मंत्र म्हणून वाघाचं तोंड बांधायचा. तरी दरसाल एखादी गाय जायचीच. मग भगत म्हणायचा, ती शिवेबाहेर गेली असेल, शिवेबाहेरचं माझ्याकडे नाही. या माणसाकडे काका समुद्रापलीकडच्या पैशाचा बंदोबस्त मागायला गेला.

काकाने मांजरपाटाचा एक कसा शिवून घेतला होता. कसा म्हणजे पैसे ठेवून कमरेला बांधायची लांबट पिशवी. भगताने त्याला हळदकुंकू फासलं, कोंबड्याच्या रक्ताचं बोट लावलं आणि तोंडाशी काळ्या दोऱ्याची अशी गाठ मारली की आत एक बोट जाईल, पण हात जाणार नाही.

‘‘आत घालायचं त्येवडं घाला,’’ तो म्हणाला. ‘‘भायेर काडायचं ते हितं, गावदेवीच्या म्होरं. मधी गाठ सुटली तर मी जबाबदार नाय.’’

भगत कशालाच जबाबदार नसे, हे मला माहीत होतं. पण बाबाने तिथेच, देवीच्या दगडासमोर, मला सांगितलं, ‘‘परमुलखात घरचा पैसा दोन जागी नको. तुझा पगारपन काकाच्या कंबरेला ऱ्हाउंदे.’’ बापाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. असती तर या गोष्टीत सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

बसरा म्हणजे ऊन, धूळ आणि खजूर. काकाला त्यातला खजूर तेवढा पटला. पगार तिथल्या दिनारांत मिळायचा. एका दिनारचे आपले तेरा रुपये आणि वर काही आणे व्हायचे. पगार हातात पडला की काका आधी माझ्या नोटा घ्यायचा, मग स्वतःच्या काढायचा, चहाविडीपुरतं सुटं बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या एकेका नोटेची तंबाखूच्या पुडीएवढी घडी करून गाठीच्या फटीतून बोटाने आत ढकलायचा. नोट आत गेली की कशावर थाप मारायचा, जशी आपण गाभण म्हशीच्या पोटावर मारतो. तीस वर्षं गँग हाकलेला माणूस, पण त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते पाहून मला आतून चीड यायची. ते पैसे माझेही होते, आणि मला त्यावर थापसुद्धा मारायला मिळत नव्हती.

कसा तो कधीच सोडत नसे. झोपताना नाही, अंघोळीला नाही. अंघोळ झाली की तो अंगावरच वाळायचा आणि दुपारच्या घामाने पुन्हा भिजायचा. हळदकुंकवाचे ओघळ त्याच्या धोतरावर उतरायचे. त्या कशाला जो वास सुटला होता त्याचं वर्णन मी करत नाही. तंबूतल्या माणसांनी आपापल्या खाटा हळूहळू लांब ओढल्या. काका मला हळूच म्हणाला, ‘‘बगितलंस? देवीचा धाक हाय. कोन जवळ येत नाय.’’

कँपाच्या हाफिसातून घरी पैसे पाठवायची चांगली सोय होती. साताऱ्याकडची माणसं पाठवत, रत्नागिरीची पाठवत. मी काकाला म्हटलं, ‘‘काका, तू पण पाठव. इथं भरायचे, तिकडे घरी रुपये मिळतात.’’

‘‘नेतो कोन?’’

‘‘कुणी नेत नाही. कागद जातो.’’

‘‘म्हंजे आपलं पैसं हितंच ऱ्हातात?’’

‘‘हो.’’

‘‘मंग घरी मिलतात ते कुनाचं?’’

या प्रश्नाचं उत्तर मी त्याला सगळ्या प्रकारांनी दिलं. तो शांतपणे ऐकायचा आणि शेवटी कणगीवर यायचा. कणगी म्हणजे बियाण्याचं भात ठेवायची बांबूची मोठी टोपली. आमच्याकडे तिचं तोंड शेणामातीने लिंपून टाकतात आणि पेरणीपर्यंत उघडत नाहीत.

‘‘बी कनगीत भरलं का आपन मधी उघडून बगतो का? उघडली का कीड लागली. घरात उपास पडला तरी बियाला हात लावीत नाय. पैशाचं तसंच हाय.’’

‘‘पैसा म्हणजे बी नव्हे, काका.’’

‘‘मंग काय हाय?’’

इथे त्याचं ज्ञान संपायचं आणि समाधान सुरू व्हायचं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. घडा निदान पाण्याला उलट उपदेश करत नाही.

दुसऱ्या दिवाळीच्या तोंडावर आमची परतायची पाळी आली. बोटीवर चढण्याआधी धक्क्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये पैसे बदलून मिळत होते. दिनार द्यायचे, रुपये घ्यायचे, वर एक चिठ्ठी मिळायची की हे पैसे पगाराचे आहेत. खिडकीत पुण्याकडचा कारकून होता, लढाईवरसुद्धा डोक्याला तेल लावून बसणारा. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ‘‘आपल्याजवळील इथलं चलन इथेच बदलून घ्यावं. मुंबईस ते कोणीही स्वीकारणार नाही.’’ तेवढं मात्र तो खरं बोलला.

काका खिडकीपाशी पोचला. सदऱ्याखाली त्याचं पोट सातव्या महिन्याच्या बाईसारखं पुढे आलं होतं.

‘‘काही बदलायचं?’’

‘‘माज्याकडं काय नाय,’’ काका म्हणाला.

कारकुनाने त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, ‘‘आहेत साहेब. ह्यांच्या कमरेला आहेत. माझेही आहेत.’’

काका तिथेच खाली बसला. दोन्ही हातांची मिठी पोटाभोवती घातली आणि मोठ्याने म्हणाला, ‘‘गाठीला हात लावशील तर माज्या मयताला येशील! देवीची गाठ हाय. तू फिटर हायस, भगत नाय.’’

मागची माणसं ओरडायला लागली. कारकुनाने घड्याळ पाहिलं आणि ‘‘पुढचा’’ म्हणाला. त्याला काय, त्याच्या तेलाला धक्का लागला नव्हता. एक चाकू हवा होता आणि एक मिनिट. पण बापाच्या भावाच्या कमरेला भर रांगेत चाकू लावायचा, एवढा मी सुधारलेला नव्हतो. माझं इंजिन काकाच्या सदऱ्याखालून बोटीवर चढलं आणि मी त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन मागून चढलो.

मुंबईच्या गोदीत सरकारी माणसांनी आमच्या ट्रंका उलट्या केल्या. खजुराच्या पाट्या फोडल्या, माझ्या पायमोज्यात हात घालून पाहिला. मग एक शिपाई काकापाशी आला आणि कशावर दांडकं टेकवून त्याने विचारलं, ‘‘ह्यात काय?’’

‘‘देव,’’ काका म्हणाला.

शिपाई कोकणातलाच असावा. त्याने दांडकं बगलेत धरलं, कशाला हात लावून कपाळाला लावला आणि आम्हाला वाट दिली. एवढं मोठं सरकार, त्याच्या एवढ्या तोफा आणि आगबोटी, आणि हातभर मांजरपाटापुढे नमस्कार करून मोकळं झालं. मी तर मनातून प्रार्थना करत होतो की त्याने तो फाडावा. मुंबईहूनच मी कसाऱ्याच्या नोकरीचा राजीनामा पाठवून दिला, कारण काही झालं तरी पैसे आपल्या मुलखात पोचले होते, कुठेतरी बदलून मिळतीलच असं वाटत होतं आणि भाऊबीजेला अजून दिवस होते.

गावात आमचं स्वागत झालं. गावदेवीपुढे माणसं जमली, भगत नवं उपरणं घालून आला. त्याने गाठ सोडली नाही, विळ्याने कापली. एवढी ती घामाने आवळली होती. काकाने कसा उलटा केला. वरच्या नोटा पिवळ्या-लाल झालेल्या पुड्या होऊन पडल्या. खालच्या निम्म्या पडल्याच नाहीत. त्या खरवडून काढाव्या लागल्या, आणि निघाल्या त्या वडीसारख्या, एकाला एक चिकटून, शाई एकमेकींत उतरलेल्या. मी त्या वडीकडे बघत राहिलो. माझं एक वर्षाचं ऊन त्यात होतं.

भगताने देवीचा मान म्हणून वरची एक नोट उचलली, उलगडली आणि डोळ्यांजवळ नेली. नोटेवर तिथल्या राजाचं चित्र होतं, आणि तिथला राजा त्या वेळी लहान मूल होता.

‘‘ह्यो कोन?’’

‘‘तिथला राजा,’’ मी म्हटलं.

‘‘ह्ये तर पोर हाय.’’

‘‘हो.’’

भगताने विचार केला आणि नोट परत ठेवली. ‘‘देवीला आपलंच पैसं लागतात,’’ तो म्हणाला. सगळ्या प्रवासात या पैशाची पारख केलेला तो पहिला माणूस. बाबाने कनवटीचा रुपया काढून त्याला दिला.

दुसऱ्या दिवशी मी चांगल्या उरलेल्या नोटा घेऊन मुरबाडला गेलो. बाजारातल्या किराणावाल्या शेटने नोट उजेडात धरली, गल्ल्यावर बसलेल्या भावाला दाखवली आणि दोघंही पोट धरून हसले. ‘‘पोरांच्या खेळातली आणलीस काय रे?’’ कचेरीतल्या कारकुनाने तीच नोट बराच वेळ उलटी धरून वाचली आणि मामलेदार फिरतीवर आहेत असं सांगितलं. ते आल्यावर काय होणार होतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. शहापूरचा व्यापारी त्या मानाने सरळ माणूस. म्हणाला, ‘‘मला रुपये आण. भाऊबीजेच्या संध्याकाळपर्यंत इंजिन तुझं.’’ मी गोणपाट उचलून ते एकदा पाहिलं आणि मुंबईची गाडी धरली.

बँकेत विचारलं, बसऱ्याच्या हाफिसाची चिठ्ठी कुठे? चिठ्ठी नाही म्हटल्यावर तिथल्या साहेबाने नोटांना हात लावायचं सोडा, मलाच दाराकडे बोट दाखवलं. दुसऱ्या बँकेत बोटसुद्धा दाखवलं नाही. शेवटी गोदीमागच्या गल्लीत परदेशी पैसा बदलून देणारा एक सराफ सापडला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, नोटांकडे नंतर. माणूस गरजू आहे, गावचा आहे आणि पोलिसात जाणार नाही, हे त्याने माझ्या तोंडावर वाचलं आणि मग नोट नाकाला लावली.

‘‘वास कसला?’’

‘‘काकाचा,’’ मी म्हटलं.

त्याने निम्मा भाव सांगितला. कागद नसलेला माल, वर डाग पडलेला, असं तो म्हणाला. चिकटलेली वडी तर त्याने काउंटरवरून बोटाच्या टोकाने परत ढकलली. मी दुसरीकडे फिरलो. दुसरीकडे त्याहून कमी. उद्या भाऊबीज होती. मी परत पहिल्या सराफाकडे आलो आणि त्याने ‘हा येणारच’ असं तोंड केलं. असल्या माणसांना नरकात जागा आहे की नाही, माहीत नाही. असली तरी तिथेही ते पैसे बदलून देण्याचं दुकान टाकतील.

भाऊबीजेला मी शहापूरला पोचलो तेव्हा माझ्या हातात इंजिनाच्या किमतीच्या जेमतेम अर्धे रुपये होते. म्हाताऱ्याने ते मोजायलाही घेतले नाहीत. चांगल्या मनाने म्हणाला, ‘‘बाबा, मी संध्याकाळपर्यंत थांबतो.’’ संध्याकाळपर्यंत मी त्याच्या ओटीवर बसलो. कशाची वाट पाहत होतो कुणास ठाऊक. दिवेलागणीला एक बैलगाडी आली आणि इंजिन तिच्यावर चढलं. घेणारा मुरबाडचा किराणावाला शेट होता, माझ्या नोटेला हसला तोच. मी रडलो. त्यात लाजण्यासारखं काही होतं असं मला अजून वाटत नाही.

घरी येऊन रुपये बाबापुढे ठेवले. काकाने ते पाहिले.

‘‘येवडंच?’’

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, बँक, सराफ, वडी. काका कणगीला टेकून बसला होता. माझं संपल्यावर तो अगदी दुःखाने बोलला, आणि तेच मला सहन झालं नाही. रागाने बोलला असता तर चाललं असतं.

‘‘मी समिंदर वलांडून आनलं. एक नोट इकडची तिकडं नाय झाली. चोर नाय, दरोडा नाय, सरकारनं हात नाय लावला. आनि तू मुंबईत एका दिसात निम्मं घालवलंस.’’

मी बाबाकडे पाहिलं. बाबाने रुपये उचलून कनवटीला खोचले. मग म्हणाला, ‘‘पुढं काकाला इचारत जा.’’

झालं. गावाचा निकाल लागला तो कायमचा. काकाने आणलं, पुतण्याने घालवलं. वड्यासुद्धा माझ्याच खात्यावर आल्या: मुंबईत नेऊन भिजवल्या म्हणे. पुढे गावातून आणखी काही जण परमुलखात गेले. ते माझ्याकडे, सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडे, आले नाहीत. काकाकडे आले. तो ओटीवर बसून त्यांना कशाची लांबी, मांजरपाटाचा पन्हा आणि अंघोळीचे नियम समजावून सांगायचा, आणि भगताने गाठीची फी दुप्पट केली.

किराणावाल्या शेटने मुरबाडला गिरणी घातली. इंजिन त्याच्याच्याने सुरू होईना. चार जण हँडल मारून थकले. शेवटी त्याने माणूस पाठवून मला बोलावलं. कसाऱ्याची जागा गेली होती, घरात तोंड वर करून बसायची सोय नव्हती, मी गेलो. माझा हात लागला आणि ते पहिल्या फिरकीत बोलायला लागलं. शेटने मला मिस्त्री म्हणून ठेवलं. आईचं मुसळ तेवढं बंद झालं. ती गिरणीत भात घेऊन यायची तेव्हा मी तिच्या पाटीची सडणावळ माझ्या पगारातून भरायचो. तिला ते कळू नये असं वाटायचं.

पहिल्या महिन्याच्या पगाराच्या दिवशी काका भाताची गोणी घेऊन गिरणीत आला. पट्ट्याच्या आवाजात तो शेटच्या कानाशी वाकून बोलत होता, पण मुकादमाचा आवाज, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

‘‘पोरगा हाताचा चांगला हाय, शेट. इंजान खुशाल द्या त्याच्या हाती. फकस्त पैसं देऊ नका.’’

शेटने माझ्याकडे पाहिलं. त्याला ती नोट आठवली असणार. त्याने समजूतदारपणे मान हलवली, गल्ला उघडला आणि माझा पगार मोजून काकाच्या हातात ठेवला. काकाने एकेका नोटेची तंबाखूच्या पुडीएवढी घडी केली. मग सदरा वर केला. कसा नवा होता, आणि तोंडाशी नवा काळा दोरा बांधलेला होता.